जास्तीच्या दोन फळ्या

सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "आता बुटक्या बैठकीवर बसायचं नाही. पलंग उंच हवा."

लाकूडकाम माझं. घरातलं जेवायचं टेबलही माझ्याच हातचं. मी मापं घेतली आणि वखारवाल्याला फोन केला, "दहा फळ्या, आणि वर दोन जास्त." लाकूड म्हणजे ताग्यातलं कापड नव्हे. कुठे गाठ निघते, कुठे टोकाला तडा असतो, आणि प्रत्येक कापात करवत आपला वाटा खातेच.

टेम्पो मोठ्या भाऊजींचा, म्हणून आणायला ते गेले. आणल्या दहाच.

"जास्तीच्या दोन?"

"वखारीत तेवढ्याच होत्या," म्हणाले आणि हात झटकून चहाला बसले.

व्हायचं तेच झालं. एका फळीला मधोमध गाठ, दुसरी निम्म्यापर्यंत उकललेली. पलंगाची एक बाजू अडून राहिली. सासूबाई घरी आल्या त्या खोल सोफ्यावर. उठवताना दोघांनी धरायचं, तरी त्या ओठ चावायच्या. 

नणंद भेटायला आली तेव्हा भाऊजी तिला हसत म्हणाले, "हिचा अंदाज चुकला गं. बायकांचं गणित!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच वखारवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "दोन फळ्या हव्यात. आता तरी आल्यात का?"

"आल्यात म्हणजे? ताई, माल तेव्हाही भरपूर होता. साहेबच म्हणाले, दोन कमी करा, तिला काय कळतंय."

नणंद भावाकडे बघत राहिली.

"अगं, उगाच वाया गेलं असतं," भाऊजी पुटपुटले.

"वाया? भाऊजी, आईंचे हाल झाले ते कशात धरायचे? फळ्या कमी केल्यात ते केलंत, वर खोटं बोललात, आणि चारचौघांत नाव माझं घेतलंत!"

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही," सोफ्यातून सासूबाई कडाडल्या. "टेम्पो काढ आधी."

ते निमूट गेले. फळ्या आल्या त्या दुसऱ्या झाडाच्या, रंगाने गडद. पलंगाची एक बाजू वेगळी दिसते ती दिसतेच. ठोकताना दुसरं टोक मी भाऊजींनाच धरायला लावलं. पांढऱ्या शर्टावर भुसा बसला, पण तोंडातून 'चुकलं' काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कुणाचाही हात न धरता पलंगावरून उठल्या आणि खिडकीपर्यंत चालत गेल्या. माझे डोळे भरून आले. भाऊजींवरचा राग मात्र तसूभरही उतरला नाही. आणि का उतरावा?