हुलग्यांवरून गेलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, पण भंगार म्हणाल तर खबरदार! तिसगावजवळ चांगुणाबाईंच्या मळ्यात माझी पंचवीस वर्षं गेली. माझ्या अंगात एकही शहाणी तार नाही. स्टेअरिंग फिरवाल तिकडे जायचं, एवढंच मला येतं.

चांगुणाबाईंचे यजमान वारले, तेव्हा त्या मला चालवायला शिकल्या. पहिल्याच दिवशी गोठ्याची भिंत पाडली. गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा स्टेअरिंगवर! मग कांदे, शेळ्या, आजारी माणसं, माहेरवाशिणी, सगळं आम्ही दोघींनी वाहिलं. कुठं जायचं तर कुणाच्या तरी विनवण्या करायच्या, ते दिवस संपले.

मित्रांनो, गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा सुनील पुण्याहून आईसाठी नवी गाडी घेऊन आला. ती आपोआप ब्रेक मारते, आपोआप रेघेत राहते. आई तालुक्याबाहेर गेली की सुनीलचा मोबाईल वाजणार, अशीही सोय त्याने केली. पोरगा वाईट नाही, काळजीपोटीच केलं. पण त्यातच मला मोडीत काढायचं ठरलं. मी चांगुणाबाईंच्या नावावर, म्हणून सहीसाठी त्याही नगरला निघाल्या. पुढे नव्या गाडीत मायलेक, मागे मी. मला चालवत होता भंगारवाल्याचा माणूस अंगद.

वाटेत डांबरीवर वाळलेले हुलगे शेंगांसकट पसरले होते. जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांखाली फुकटात मळणी होते, ही आमच्याकडची रीतच आहे. नव्या गाडीला ती कोण सांगणार? ढीग दिसताच ती कचकन थांबली. सुनीलने पुन्हा पुढे काढली, ती पुन्हा थांबली.

हुलगेवाली गोजरबाई सूप घेऊन धावली. "आरं, घाल की वरून! त्यासाठीच टाकल्यात."

"काकू, गाडीच जाईना!" म्हणत सुनील मोबाईलमध्ये उपाय शोधू लागला.

चांगुणाबाई खाली उतरल्या आणि तडक माझ्याकडे आल्या. "अंगद, सरक बाबा तिकडं."

आणि आम्ही गेलो! एकदा नव्हे, तीनदा. शेंगा तडातड फुटल्या. इतका आनंद मला मी नवी असतानाही झाला नव्हता.

"आई, चल आता. सही राहिलीय," सुनील म्हणाला.

"तुज्या गाडीलाच कर म्हनावं सही. समदं तिलाच कळतंय न्हवं?"

"अगं, तुझ्या काळजीनंच करतोय ना मी!"

"काळजी लई कर. पर मी कुठं जायाचं ते मीच ठरवनार. ही जीप मोडायची न्हाई."

सुनीलने नवी गाडी गावाकडे वळवली. अंगद एसटीने नगरला परतला.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी गयावया करणार नाही. मी धूर सोडते, चढावर कुरकुरते, एक दिवस मोडीत जाईनच. नव्या गाड्या खुशाल घ्या, त्यांचे ब्रेक माझ्याहून शहाणे आहेत. पण आपल्या माणसाला त्यांत बसवण्याआधी एवढं तरी विचारा, "तुला कुठं जायचंय?" आणि उत्तर आवडलं नाही, तरी किल्ली त्याच्याच हातात द्या.