सासू-सुनेसाठी घर

इमारत लहानशी होती. एका मजल्यावर एकच घर, आणि रिकामं होतं ते नेमकं सगळ्यात वरचं. जिना चढताना सासूबाई प्रत्येक वळणावर थांबत होत्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, त्यामुळे कठडा धरता येत नव्हता.

"मावशी, सावकाश! घर कुठे पळून जात नाही," पुढून एजंट म्हणाला.

सून हसली नाही. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. इतरांच्या शिरेत सुई टोचताना तिचा हात कधी थरथरला नव्हता. हल्ली मात्र दाराची बेल वाजली तरी ती उठून आत जायची.

नवरा आधीही हात उगारायचा. त्या दिवशी सासूबाई मध्ये पडल्या आणि त्याने आईचंच मनगट पिरगळलं, हाड मोडेपर्यंत. तो कामावर गेल्यावर सुनेने पिशवी भरली. निघताना बघते तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "मला इथे कोणाच्या भरवशावर टाकून चाललीस?" तेव्हापासून दोघी सुनेच्या मैत्रिणीकडे, बाहेरच्या खोलीत अंग आखडून राहत होत्या.

घर चांगलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघरात ऊन, नळाला पाणी. तळमजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई धापा टाकत मागून वर आल्या. केस पांढरे, आवाज मात्र खणखणीत.

"हाताला काय झालं?"

"पाय घसरला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुझा नवरा?"

"बाहेरगावी असतो, कामाला," सून म्हणाली.

"काय ताई!" एजंट मोकळेपणाने हसला. "साहेब तर सकाळीच भेटले मला. तुमच्या ओळखपत्रावर पत्ता होता, म्हटलं चौकशी करून यावं. फार भला माणूस! स्वतः पाणी आणून दिलं. म्हणाले, मीपण येतो घर बघायला. पोचतीलच."

सून खिडकीपाशी धावली, पण खाली वाकून बघायचं धाडस होईना. उतरायला जिना एकच. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. एजंट कधी हिच्याकडे बघे, कधी तिच्याकडे.

"पाय घसरला नव्हता तर," मालकीणबाई हळूच म्हणाल्या.

सुनेने मान हलवली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

मालकीणबाई जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि ओरडल्या, "अहो ड्रायव्हर! उठा! खालच्या लोखंडी दाराला कुलूप घाला. आत्ता!" पहिल्या मजल्यावरचा बसड्रायव्हर रात्रपाळी संपवून झोपला होता. तो बनियनवरच धडधडत खाली गेला. कुलूप खटकलं, आणि पाठोपाठ कडी वाजली.

"आई, मी आलोय. गाडी आणलीय."

तोच आवाज. शांत, गोड. या आवाजानंतर काय होतं, ते दोघींना ठाऊक होतं.

"आई, जाऊ नका," सुनेने त्यांचा पदर धरला.

"माझ्या पोटचा आहे तो. दाराआडूनच बोलते." त्या एकेक पायरी उतरल्या. सून मागोमाग गेली; वर एकटीने थांबायची तिला जास्त भीती वाटत होती.

तो गजांपलीकडे उभा होता, इस्त्रीच्या शर्टात. "चला दोघी. झालं गेलं विसरा. लोकांसमोर तमाशा नको."

"मी येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मला तुझी भीती वाटते रे."

त्याने दोन्ही हातांनी गज धरून दार असं हलवलं की भिंतीचा गिलावा पडला. सून किंचाळली. ड्रायव्हर दारासमोर आडवा झाला. मागून उतरून आलेल्या मालकीणबाईंनी फोन कानाला लावून पोलिसांना पत्ता सांगितला, मुद्दाम मोठ्याने.

त्याने हात सोडले, शर्ट नीट केला. "घर छान आहे," तो बायकोला म्हणाला. "येत जाईन."

गाडी गेल्यावरही बराच वेळ कोणी कुलूप काढलं नाही. एजंट पुन्हापुन्हा माफी मागत होता. मालकीणबाईंनी त्याला गप्प बसवलं.

"आता त्याला पत्ता कळलाय. इथे कसं राहायचं ते सांगा," सून म्हणाली.

"दुसरीकडेही तो शोधत येईल. तिथे खाली कोण राहतं, तुला माहीत आहे? इथे मी आहे. पोलीस येतायत, तक्रार लिहून दे. मग करार करू."

पोलिसांना तक्रार लिहून दिल्यावर त्यांनी घर घेतलं. सामान असं नव्हतंच. संध्याकाळी सुनेने वरच्या दाराला नवी कडी बसवून घेतली आणि ती तीनतीनदा ओढून पाहिली. रस्त्यावर गाडी थांबली की दोघी बोलता बोलता थबकत.

सासूबाई डाव्या हाताने ताटातला भात चिवडत होत्या. त्यांनी विचारलं, "तो जेवला असेल का गं?"

सुनेने त्यांच्यासाठी घास कालवला आणि पुढे केला.