साखळीएवढी फट

दार. साखळी. साखळीच्या वर एक डोळा.

"कोण पाहिजे?"

"कोणी नको. घर पाहिजे. माझं आहे."

डोळा हलला नाही. "आम्ही राहतो इथे," बाई म्हणाली आणि दार लागलं.

नाही, इथून सुरुवात करून चालणार नाही. दोन पावलं मागे जातो.

मी कुलपं उघडतो, चाव्या बनवतो. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि आज दुपारी चारला तिला अ‍ॅम्ब्युलन्सने आणून सोडणार. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. पण माझी तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा आहे. तिथे एक फोटोवाला भाड्याने राहायचा. गेल्या आठवड्यात त्याने जागा सोडली आणि चावी माझ्या दुकानाच्या शटरखालून आत सरकवली. म्हटलं, देव पावला.

चावी खरी होती. तिला जुळी बहीण होती, एवढंच.

पुन्हा दार.

बाहेर आम्ही तिघं. मी, बायको, मेहुणा. टेम्पोत आईचा पलंग. दीड वाजलेला.

"गावभरची कुलपं उघडता," बायको म्हणाली, "आणि स्वतःच्या दारात पाहुण्यासारखे उभे!"

"आत माणूस आहे."

"घुसखोर आधी, माणूस नंतर. उघडा."

कुलूप उघडायला मला चाळीस सेकंद लागतात. पण ज्या म्हाताऱ्याकडे मी काम शिकलो, त्याचा एकच नियम होता. आतून कडी असेल तर आतल्याने सांगितल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. आत कोण आहे हे बघायचं नाही, कडी बघायची. तो म्हणायचा, चोराची हत्यारं आणि आपली हत्यारं एकाच दुकानातून येतात.

फोन पहिला, फोटोवाला: बंद.

फोन दुसरा, पोलीस: "दुसरं कोणी आत राहतंय ना? मग कोर्टाचा कागद आणा."

फोन तिसरा, वकील: "सहा महिने धरा. वर्षसुद्धा."

आई: चार वाजता.

मेहुण्याने दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो गॅसच्या टाक्या उचलतो, एका खांद्यावर एक. "भाऊजी, साखळी कोणी बसवली?"

"मीच."

"स्क्रू कसले?"

आखूड. लांब स्क्रू गिऱ्हाइकाला, उरलेसुरले घराला. एक धक्का पुरे होता.

"चारपर्यंत थांबतो," मेहुणा म्हणाला. "नंतर तुमचा नियम तुमच्यापाशी, माझा खांदा माझ्यापाशी."

तीन वाजता दार पुन्हा उघडलं. साखळीएवढंच.

"तुम्ही अजून इथेच?" बाई म्हणाली. "हे बघा, मी चोर नाही. फोटोवाल्याने जागा स्वतःची म्हणून दिली. पावती आहे. आणि ही चावी. चोराकडे चावी असते का?"

तिने चावी फटीतून पुढे धरली. मी वाकलो. चावीच्या डोक्याजवळ कानशीने पाडलेल्या तीन बारीक खाचा. मी बनवलेल्या प्रत्येक चावीवर असतात. माझी सहीच ती.

माझ्याआधी तीच बोलली. "थांबा. बाजाराच्या कोपऱ्यावर बसता ते तुम्हीच ना? तुम्हीच करून दिलीत ही, फोटोवाल्याच्या चावीवरून. मी विचारलं, नीट लागेल ना? तुम्ही म्हणालात, बिनधास्त राहा, ताई."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचं वर्णन करत नाही.

मी नेहमी म्हणतो, गिऱ्हाइकाचं तोंड विसरेन, चावी विसरणार नाही. आणि स्वतःच्या घराची चावी मशीनला लावली, तिची जुळी कापली, तरी ओळखली नाही. कारण ते कुलूप मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. खोक्याच्या तळाशी पडलेलं, तेच ठोकून दिलं. दिव्याखाली अंधार, म्हणतात. इथे दिवाही मीच.

"पोलिसांना हेच सांगेन," ती म्हणाली. दार लागलं. आत जड काहीतरी फरशीवरून ओढत आणून दाराला टेकवलं.

चारला पाच कमी. अ‍ॅम्ब्युलन्स.

"लवकर बोला," स्ट्रेचरवाला म्हणाला. "आमची पुढची फेरी आहे."

मेहुण्याने बाही वर केली. "भाऊजी, फक्त हो म्हणा."

आतून बाईचा आवाज आला, चिरका. "नवरा ट्रकवर गेलाय, परवा येईल. पाचला माझी कामाची पाळी आहे. पण मी गेले की तुम्ही कुलूप बदलणार! मी जात नाही कुठे!"

"काय म्हणतेय ती?" आईने स्ट्रेचरवरून विचारलं.

"आपण कुलूप बदलू, म्हणतेय."

"बदलशील?"

माझा हात खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरवर गेला.

"मग तुला बरोबर ओळखलंय तिने."

मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. बायकोचा चेहरा खुलला.

"ताई," मी दाराला म्हणालो. "कुलूप बदलत नाही. काढून टाकतो. मधल्या दाराचंही काढतो. तुम्ही आतल्या खोलीत, आई बाहेरच्या. फोटोवाला सापडेपर्यंत नाहीतर कोर्ट सांगेपर्यंत. कोणी कोणाला बाहेर ठेवू शकणार नाही. पण कुलपाचे स्क्रू दाराच्या कडेला आहेत. दार थोडं उघडं धरलंत तरच मला दिसतील."

दाराआडून आवाज आला.

"त्या पैलवानाला आधी लांब पाठवा."

"जा," मी मेहुण्याला म्हणालो.

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे?"

"टेम्पोत बस."

तो गेला, टेम्पोचं दार आपटून बसला. आतलं जड काहीतरी मागे सरकलं. फट उघडली. तिची बोटं दाराच्या कडेवर, पांढरी पडलेली, आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्यापासून दोन बोटांवर. एक स्क्रू. दुसरा गंजलेला, फिरेना. ती श्वास रोखून बघत होती आणि मीही. कुलूप माझ्या हातात आलं. दाराला भोक पडलं.

तिने साखळी काढली. पलंग आत गेला, मागून आई.

पावणेपाचला बाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुलूप कुठाय?"

खिशात होतं. तिने हात पुढे केला. मी दिलं. तिने ते डब्याशेजारी पिशवीत टाकलं आणि मागे न बघता चालायला लागली.

ती कोपऱ्यावरून वळली तशी बायको उठली. काही न बोलता दार लोटलं आणि साखळी अडकवली. "कुलूप गेलं तर गेलं," ती म्हणाली. "ही आहे की. रात्री येऊन ठोठावू दे."

आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती.

मी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा काढला. चार स्क्रू, आखूड. दोन-दोन फेऱ्यांत निघाले.