फाटकाबाहेरचा केर

आमच्या मर्गिलान शहरात नव्या सुनेची परीक्षा झाडूने होते. गल्ली जागी होण्याआधी अंगण आणि फाटकासमोरचा रस्ता लख्ख हवा, नाहीतर शेजारी सासूला बोल लावतात. सनोबर वर्षभर झाडत होती आणि तिचा नवरा शेराली वर्षभर पडद्याआडून पाहत होता.

त्या वेळी नानवाला तुर्गुन सायकलवरून जाई. "सलाम, वहिनी!" एवढंच म्हणे. शेरालीच्या अंगाचा तिळपापड होई.

"एवढ्याशा रस्त्याला बारा मिनिटं? हसलीस ना त्याच्याकडे?"

भरभर उरकलं, तर सासू मस्तुराबाई फणकारत, "तुतीची पानं तशीच! आईने हेच शिकवलं का?"

इकडे आड, तिकडे विहीर. फाटकाच्या कडीला हात लागला की सनोबरचा श्वास कोंडू लागला. सासूने धूप जाळून दृष्ट काढली. एका पहाटे सनोबर तिथेच कोसळली, तेव्हा कुठे दवाखाना दिसला. हृदय ठणठणीत होतं. डॉक्टरांनी तिला समुपदेशक नफोसतबाईंकडे पाठवलं.

तिच्यासोबत नवरा आणि सासूही खोलीत शिरले. चहा देऊन नफोसतबाई म्हणाल्या, "आता सनोबर एकटी बोलेल."

"दार उघडं ठेवा," शेराली म्हणाला.

"बंदच राहील."

अर्धा तास तो बाहेर दाराकडे डोळे लावून बसला. तुर्गुनपेक्षाही त्याला आता त्या दाराचा मत्सर वाटत होता. मला त्याची चीड येते आणि कीवही.

नफोसतबाईंनी दर गुरुवारी यायला सांगितलं. परतीच्या वाटेत त्याने बजावलं, "काय बोललीस ते सांग, नाहीतर पुढच्या गुरुवारी जायचं नाही."

दुसऱ्या पहाटे तिने अंगण झाडलं आणि झाडू फाटकाशी टेकवला.

"बाहेरचं तुम्ही झाडा. विश्वास नाही ना माझ्यावर?"

"अगं बाई! पुरुष झाडणार? लोक काय म्हणतील?" मस्तुराबाई ओरडल्या. पण पानं पडून राहिली तरी लोक बोलणारच होते. शेरालीने मुकाट झाडू उचलला.

तुर्गुन आला. "सलाम, भाऊ!" म्हणाला आणि न थांबता गेला. शेराली कितीतरी वेळ त्या सायकलीकडे पाहत राहिला.

तो आत आला, तेव्हा सनोबर चहा ओतत होती.

"पंचवीस मिनिटं लागली," ती म्हणाली. "मी काही विचारलं का?"

त्याने झाडू कोपऱ्यात ठेवला.

"गुरुवारी मी जाणार. एकटी. आल्यावर विचारायचं नाही."

त्याने तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. त्याला ते फार जड गेलं.

आणि आम्ही शेजारी? रोज उठून रस्ता स्वच्छ आहे ना, एवढं आम्ही न चुकता पाहिलं. झाडणारीला श्वास घेता येतोय का, हे वर्षभरात एकानेही पाहिलं नाही.