विटेच्या डोक्यातले किडे

"निघालं! सात निघालं!"

हडपसरच्या बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुवारची गर्दी टाचा उंचावून परातीत डोकावत होती. पाण्यात खरोखरच सात किडे तरंगत होते. पांढरे, वाकडे, शेवयांच्या तुकड्यांसारखे. शेजारी एकोणीस वर्षांची अपेक्षा आईच्या, वेणूबाईंच्या, मांडीत डोकं खुपसून कण्हत होती. तिच्या कानात नळी, नळीचं दुसरं टोक परातीतल्या उपड्या मडक्यात, मडक्याखाली तापलेला दगड आणि त्यावर बाबांचा गुप्त धूप. धूर कानात शिरतो आणि डोक्यातले किडे नळीवाटे घरंगळून परातीत पडतात, असं हे महान शास्त्र!

"माई, शत्रूनं पाठवलेलं सैन्य होतं. गारद केलं," शंखनाथबाबा लोण्यासारख्या आवाजात म्हणाले. गोगलगाय आणि पोटात पाय, दुसरं काय!

वेणूबाईंनी त्यांचे पाय धरले. आठवडाभर पोरीचं डोकं ठणकत होतं, मान वाकत नव्हती, अंगावर चादर टेकली तरी ती किंचाळायची. म्हणून लोणी काळभोरहून त्या रिक्षा करून आल्या होत्या. बाबांनी किडे बाटलीत भरून दिले.

परतताना अपेक्षा दोनदा ओकली. मग म्हणाली, "आई, तू मला दोन दिसतेस."

वेणूबाईंनी रिक्षा इस्पितळाकडे वळवली.

तिथल्या डॉ. पूर्वांनी डोक्याचा फोटो काढून घेतला आणि त्या म्हणाल्या, "मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. सही करा."

"न्हाई! मणक्यात सुई घातली की पाय जात्यात. आन् किडं तर बाबांनी तापल्या दगडावर धूप घालून काढल्यात की. ही बघा!"

डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. बाटलीतला एक किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वेणूबाईंना बघायला लावलं.

"हे मूळ. ही दोन कोवळी पानं. पानं फुटलेला किडा मी तरी पहिल्यांदाच बघतेय. अहो, धुपात मिसळलेल्या काटेरी रिंगणीच्या बीतला कोंब आहे हा. तापलेल्या दगडावर बी तडकतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. त्याला कान लागत नाही, धूर लागत नाही. बाबा मात्र लागतो."

जन्म शेतात गेलेल्या बाईला कोंब ओळखू येणार नाही होय? वेणूबाईंनी बाटली खाली ठेवली.

"मग पोरीच्या डोक्यात काय हाय?"

"ते कळायलाच सुई हवी. उशीर केलात तर डोळे जातील, कदाचित पोर जाईल."

त्यांनी सही केली. दाराच्या फटीतून त्या पोरीच्या पायांकडे एकटक बघत राहिल्या. सुई निघाली. अंगठा हलला. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

तुंबलेलं पाणी निघाल्यावर अपेक्षाचं कण्हणंही थोडं कमी झालं. संध्याकाळी रिपोर्ट आला.

"पाण्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सापडल्यात, शंभरात चाळीस. एरवी तिथे त्या नसतातच. कृमी शिरला की अशा धावून येतात. हिनं महिन्याभरात काही कच्चं खाल्लं? मासा, खेकडा, गोगलगाय?"

वेणूबाईंचा हात तोंडावर गेला. तीन आठवड्यांपूर्वी पोरीच्या दम्यावर उपाय म्हणून याच बाबांनी 'शंखदेव' दिला होता. मळ्यातली जिवंत, कोवळी गोगलगाय, गुळात घोळून. पोर नको नको म्हणत होती.

"म्या तिचं नाक दाबलं, डाक्टरीनबाई. ह्या हातानं."

डॉक्टरबाईंच्या आवाजातला खवचटपणा पार गेला. "उंदराच्या फुप्फुसात एक कृमी राहतो. त्याची पिल्लं लेंडीतून गोगलगाईत जातात. गोगलगाय कच्ची गिळली की ती पिल्लं माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. तिथे ती फार जगत नाहीत, पण सूज आणतात. सूज उतरायला स्टेरॉइड देऊ, गरज पडली तर पाणी पुन्हा काढू. कृमी मारायचं औषध जपून द्यावं लागतं, ते मेले की सूज भडकू शकते. बहुतेक पेशंट बरे होतात." आणि पुढे त्या म्हणाल्या, "सगळे नाही."

पुढचे दिवस वेणूबाईंनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. तीन आठवड्यांनी अपेक्षा घरी आली. डोक्याचा ठणका थांबला होता. डावा डोळा मात्र अजून आत वळलेला होता.

त्या गुरुवारी वेणूबाई शेडमध्ये गेल्या त्या स्वतःची परात घेऊन. चहावाल्याच्या शेगडीवर दगड तापवला, परातीतल्या पाण्यात ठेवला, त्यावर बांधावरच्या रिंगणीचं बी टाकलं, वर मडकं उपडं घातलं आणि नळीचं दुसरं टोक टेकवलं एका विटेला.

"बाबा, ह्यो माझा पेशंट."

मडकं उचललं. परातीत नऊ किडे.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"माई, श्रद्धा नसली की..." बाबांनी सुरुवात केली.

"शरद्धा व्हती, म्हून तर पोरीचं नाक दाबलं!" वेणूबाई कडाडल्या. "किडं बाबानं काढलं न्हाईत, गोगलगायीतनं घातलं. देव माना, नका मानू. पर कुणी काय तोंडात घालाया दिलं, तर आधी इचारा, ह्ये काय हाय आन् तुला कशावरनं कळलं? मी इचारलं न्हाई. माझ्या पोरीचा डोळा बघा येऊन."

रांगेत धापा टाकणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन एक तरुण बाई उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात गुळाचा गोळा होता. वेणूबाईंनी तो काढून घेतला आणि तिच्या दंडाला धरलं.

"दम्याला इस्पितळात ओढायचा पंप मिळतो. चल बाई, मी येते संगं."