नऊ नंबरचा गुडघा

स्ट्रायकर लोकांबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही. मी आयुष्यभर गोलकीपर होतो, तेव्हा ते असायचं कारणही नाही. आम्ही सगळा सामना जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि यांनी एकदा पाय लावून फोटो काढून घ्यायचा. अमीन त्यातलाच, आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. दोघेही धरणगावचे. बाकी दुनियेशी आम्ही शहरी मराठी बोलतो, एकमेकांशी मात्र आजही अहिराणीच.

हा अमीन एके काळी जळगावच्या आमच्या क्लबचा नऊ नंबर होता. शिरपूरच्या फायनलला त्याचा गुडघा सुजलेला होता, ते त्याने कोणाला कळू दिलं नाही. गोल मारला, कप आणला, आणि त्यानंतर तो पुन्हा कधी पळाला नाही. लोकांना तो गोल आठवतो. मला आठवतं ते त्याला उचलून नेतानाचं त्याचं ओरडणं. आता तो त्याच क्लबचा मॅनेजर आहे आणि मी त्याच्या हाताखाली. म्हणजे कीपरला शिकवायचं, बुटांची थैली सांभाळायची आणि अमीनच्या वाटणीची काळजीही आपणच करायची.

या वेळी काळजी होती उमरची. उमर आमचा आत्ताचा नऊ नंबर, तेवीस वर्षांचा, चटईच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा. शुक्रवारी धुळ्याला फायनल होती आणि पुण्याच्या एका मोठ्या क्लबचा माणूस खास त्याला बघायला येणार होता. पसंत पडला असता तर पगार, राहायची सोय, आणि दिवसभर फक्त फुटबॉल. आमच्याकडे असा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे उमरला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमका त्याच आठवड्यात तो सरावात डाव्या पायावर पडला.

"काही नाही झालं, भाई," असं म्हणून त्याने अमीनसमोर त्याच पायावर उड्या मारून दाखवल्या. दात काढून हसलाही. पण दुसऱ्या दिवसापासून तो ऐन उन्हात फुल पँट घालून सरावाला यायला लागला. अमीनने मला बाजूला घेतलं.

"त्यानं काहीतरी लपाडेल शे," तो म्हणाला.

"तुले कसं माहीत?"

"मी बी अशाच उड्या मारेल व्हतात."

पण खात्री होत नव्हती. डॉक्टरचं नाव काढलं की उमर कारखान्याची पाळी पुढे करायचा. मला रात्री झोप लागेना. जेवायला बसलो की घास तोंडात फिरायचा. बायको म्हणाली, गुडघा त्याचा, मॅनेजर तो, तुमची झोप कशाला उडते? आता हे कीपरच्या बायकोला काय समजावून सांगायचं?

शुक्रवारी सकाळी आम्ही जळगावहून निघालो. जुम्म्याची नमाज असल्याने पारोळ्याला रस्त्यालगतच्या मशिदीपाशी गाडी थांबवली. पोरं हातपाय धुऊन, वजू करून आत गेली. मी आणि ड्रायव्हर बाहेर लिंबाखाली बसलो. अमीनला आता गुडघा मुडपून बसता येत नाही, त्यामुळे त्याची नमाज रांगेच्या टोकाला, खुर्चीवर होते. आत जाताना तो मला सामन्याबद्दल काहीबाही सांगत होता. बाहेर आला तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"त्याना गुडघा गया शे."

मग त्याने सांगितलं: उमर त्याच्या पुढच्याच रांगेत होता. सजद्यात कपाळ टेकून उठताना त्याने दोन्ही हात जमिनीला रेटले, म्हाताऱ्यासारखे. आणि शेवटी बसायची वेळ आली तेव्हा डावा पाय अंगाखाली घ्यायच्या ऐवजी बाहेर काढून ठेवला. मैदानावर सगळ्या जगाला फसवता येतं, उड्या मारता येतात. तिथे तो कोणाला फसवायला गेलाच नव्हता.

अमीनने उमरला तिथेच गाडीच्या मागे बोलावलं आणि पँट वर करायला लावली. गुडघा गच्च सुजलेला होता. मी बघितला आणि मान फिरवली.

"आज तू खेळणार नाहीस," अमीन म्हणाला.

उमरने आधी विनवण्या केल्या. मग घरच्यांची नावं घेतली. अमीन हलत नाही असं दिसल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. माझ्यादेखत तो म्हणाला, "नमाज माझी होती, भाई. तुम्ही तिथंही मॅनेजर म्हणूनच आला होतात का?"

अमीन जाऊन गाडीत बसला. गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने माझ्या कानाशी म्हणाला, "खरं बोलना तो. मनं ध्यान नमाजमा नव्हतंच."

खरं सांगतो, मी त्या पोराच्या बाजूचा होतो. मी अमीनला म्हटलं, सुरुवातीला नको, शेवटची थोडी मिनिटं घाल. पुण्याचा माणूस बघेल, एखादा गोल झाला तर झाला.

"गुडघाले घड्याळ समजत नही, योगेंद्र."

"आणि हारलो तर? शेठ तुले ठेवी का?"

क्लबच्या शेठने नाशिकचा नवा कोच बघून ठेवलाय, हे दोघांनाही माहीत होतं. अमीनने खिडकीबाहेर तोंड केलं.

उमरच्या जागी हसनैनला घातलं. हसनैन एरवी कडेने पळणारा, अंगाने काटकुळा, चेंडू पुढ्यात आला की घाबरून लाथ मारणारा. मध्यंतरापर्यंत त्याने दोनदा हवेतच पाय मारला आणि धुळ्याच्या लोकांनी त्याला मनसोक्त हसून घेतलं. आमच्यावर गोल कसा झाला नाही ते देवालाच ठाऊक. एक चेंडू खांबाला लागून परत आला तेव्हा मी डोळे मिटले होते.

मध्यंतरानंतर धुळ्याने गोल केला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. पुण्याचा माणूस छत्रीखाली खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्यासमोरच रेषेलगत आमचा उमर येरझाऱ्या घालत पळत होता, न लंगडता. ते कसं करत होता तोच जाणे. ओठ पांढरे पडले होते त्याचे.

मग जॅकेट काढून तो अमीनसमोर येऊन उभा राहिला. "भाई. दहा मिनिटं."

अमीन त्याच्याकडे बघत राहिला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, टाक त्याला, टाक रे बाबा, आपली सगळ्यांची सुटका कर. अमीनचाही हात पंचांना खूण करायला उठला होता, मी पाहिलं. तो त्याने खाली घेतला.

"बस खाली," तो म्हणाला.

त्यानंतर हसनैनला काय झालं ते कोणालाच कळलं नाही. त्यालाही नाही. एक गोल नुसता चेंडू डोक्याला लागून झाला. दुसरा मात्र खरा होता, दोघांना मागे टाकून, कीपरच्या पायांमधून. शिटी वाजली आणि आमची पोरं त्याच्या अंगावर पडली. अमीन माझ्या गळ्यात पडून रडला. नोकरी वाचली, कप आला. उमरही टाळ्या वाजवत होता, सगळ्यांपेक्षा जोरात.

पुण्याचा माणूस आमच्याकडे आला. हसनैनचा फोन नंबर घेतला, मग अमीनकडे वळला. "तुमचा नऊ नंबर का नाही खेळला? मी खरं म्हणजे त्याच्यासाठी आलो होतो."

मी असतो तर सरळ थाप मारली असती. ताप आलाय, मलेरिया आहे, मामा वारला, काहीही. कीपरला खोटं बोलायची सवय असते, एकीकडे झुकायचं आणि दुसरीकडे उडी मारायची. आणि अमीन तर स्वतःचा गुडघा अख्ख्या खान्देशापासून लपवलेला माणूस. तो सहज सावरून घेईल असं मला वाटलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"गुडघा दुखावलाय त्याचा," तो म्हणाला.

"कोणता?"

"डावा. पण होईल बरा. मी लिहून देतो तुम्हाला, एकदम चांगला होईल. मुद्दामच नाही खेळवला."

"अच्छा," तो माणूस म्हणाला. आवाज गोड होता त्याचा. "गुडघ्याचं म्हणजे आमच्याकडे जरा अवघड असतं. बघू पुढच्या वर्षी." आणि हसनैनच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. उमर पाण्याच्या बाटल्या गोळा करत तिथेच वाकला होता. त्याने सगळं ऐकलं.

मी अमीनला बाजूला ओढलं. "तुले काय गरज व्हती रे?"

"मनाघाई खोटं बोलाई नही ऱ्हायनं," तो म्हणाला. "सकायपासून त्यानं नमाजनं बोलनंच डोकामा फिरी ऱ्हायनं." मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याची कीवही आली.

गाडीत पोरं कप हातोहाती फिरवत होती. हसनैनला कोणी खाली बसू देत नव्हतं. अमीन पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता. त्याने मान न वळवता मला सांगितलं, "तूच जाय त्यानाकडे. मनासंगे तो बोलत नही."

उमर शेवटच्या सीटवर एकटा होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्याने पाय सीटवर लांब करून ठेवला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो. "मी येतो सोबत. अमीनने ओळखीचा डॉक्टर बघितलाय. वेळेत कळलं, नाहीतर आज गुडघा कायमचा गेला असता."

"म्हणजे गुडघा वाचला म्हणायचा, योगेंद्रभाऊ."

"वाचला ना."

त्याने गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. पुढेपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याने विचारलं, "आता त्याचं करू काय?"

पुढच्या सीटवर अमीनची मान किंचित हलली, पण तो मागे वळला नाही. मी बुटांची थैली ओढून त्याच्या पायाखाली सरकवली.