केळीमालाची बेरीज

रूपालीच्या पत्राला बन्सीलाल सरांनी वीस दिवस उत्तर दिलं नव्हतं.

असोद्याची रूपाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. सर फोनवर बोलायला बिचकतात हे ठाऊक असल्यानं तिनं पत्रच धाडलं होतं. गावातल्या केळीवाल्यांसाठी ती प्रोग्रॅम लिहीत होती. ‘माल’ या मूळ क्लासमध्ये, म्हणजे नोंदीच्या साच्यात, तिनं अधिकच्या चिन्हाला काम नेमून दिलं होतं: दोन मालांची वजनं मिळवायची. ‘केळीमाल’ हा त्याचा वारस क्लास, त्यात कापणीची तारीख जास्तीची. पण दोन केळीमाल मिळवले की हाती नुसता ‘माल’ येई. वजन बरोबर, तारीख गायब.

‘तुमच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात लिहिलंय, वारसाला बेरीज जशीच्या तशी मिळते,’ तिनं लिहिलं होतं. ‘म्हणजे चूक माझीच. महिनाअखेर कापणी आहे. तोवर जमलं नाही तर हे काम सोडून देईन.’

चूक तिची नव्हती. पुस्तकातलं वाक्यच अर्धवट होतं. किती पोरांनी ते पाठ केलं असेल, या विचारानं सरांचा हात दरवेळी कागदावर थबके.

चुलीशी वांगी भाजणाऱ्या कमलबाई म्हणाल्या, “तो कागद अजून किती दिवस न्याहाळणार?”

“तुझं माहेर केळीच्या पट्ट्यातलं. सांग, दोन शेतांतला माल एका ट्रकात भरला, तर कापणी कधीची धरायची?”

“हाई काय इचारानं शे? आधी कापलेल्या घडाची. तोच आधी पिकणार.”

“वजनकाट्यावरच्या माणसाला हे कळेल?”

“त्याला तारखेशी काय करायचंय! तो वजन सांगेल. बाकीचं केळीवाल्यानं बघायचं.”

सर हसले आणि लिहायला बसले.

‘चि. रूपाली, चूक पुस्तकाची, म्हणजे माझी. वारसाला बेरीज मिळते, पण ती मूळ क्लासची. तिला तारीख ठाऊकच नाही, म्हणून ती ‘माल’च परत देते. केळीमालात स्वतःची बेरीज लिही. वजनासाठी मूळ बेरीजच बोलाव, तारीख दोन्हींतली आधीची घे, आणि केळीमाल परत दे. हे बहुधा चालेल.’

त्यांनी दोन क्षण विचार केला आणि ‘बहुधा’ खोडलं.

देवपूरच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “साधं पाठवू, सर?”

“नाही, स्पीड पोस्ट,” सर म्हणाले आणि पाकीट आत सरकवलं.